वार, माधुकरी आणि कमवून शिकणं

हल्ली कुठल्याही शाळेचं माहितीपत्रक हातात घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ‘आमची मूल्यं’ अशा मथळ्याखाली एक यादी असते. प्रामाणिकपणा, परस्पर आदर, सर्जनशीलता, पर्यावरणाचं भान वगैरे वगैरे... आणि त्यात कुठेतरी ‘स्वावलंबन’ असतंच असतं. त्याचा अर्थ मात्र कुणी सांगत नाही. लहान वर्गांत ते स्वतःचा डबा स्वतः उघडणं असतं, मोठ्या वर्गांत स्वतःचा प्रकल्प स्वतः करणं (जो घरोघरी आईबाबाच रात्री बसून करतात, असो). आणखी वरच्या वर्गात गेलं की मग ‘आता तुझं तू बघ’.

मला जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे. त्यामुळे हा शब्द आपल्याकडच्या शाळांत नुसता यादीपुरता न राहता खरोखर कामाला कधी लागला, असा प्रश्न पडला. उत्तर शोधत गेलं की वाट साताऱ्याला जाते, कर्मवीर भाऊराव पाटलांकडे. रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हावर वडाचं झाड आहे आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे शब्द आहेत. हे आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या पाटीवर वाचलेलं असतं. वाचून पुढे गेलेलो असतो. पण त्या चार-पाच शब्दांचं वजन कळायला त्याच्या आधी काय होतं ते बघायला हवं.

आधी होते वार.

आजच्या मुलांना ‘वार लावून जेवणं’ हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागतो. गरीब मुलगा शिकायला परगावी गेला की तो सात घरं धरायचा. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, असं आठवडाभर. एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी उपास, नाहीतर माधुकरी. म्हणजे झोळी घेऊन पाच-सात दारी उभं राहायचं आणि मिळेल ते शिजवलेलं अन्न आणून खायचं. कित्येक थोरामोठ्यांच्या चरित्रांत हे प्रसंग येतात आणि आपण ते मोठ्या कौतुकानं वाचतो. ‘वार लावून शिकले आणि पुढे केवढे मोठे झाले!’ त्यात खोटं काही नाही. ज्या घरांनी मुलांना जेवू घातलं त्यांचे उपकारही खरेच आहेत. स्वतःच्याच घरात फार नसताना त्यांनी एक पान वाढवलं.

माझे आजोबा वाईला वार लावून शिकले. साधारण १९२० च्या आसपासची गोष्ट. ते सांगायचे की गुरुवारचं घर चांगलं होतं, शनिवारचं नव्हतं. शनिवारी पान वाढायच्या आधी विहिरीचं पाणी शेंदून द्यावं लागे, आणि ताटात बहुधा आदल्या दिवशीचं असे. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण ऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलानातवंडांत जेवायला बसलेले असताना आजोबा कधीही कुठलाही पदार्थ दुसऱ्यांदा मागत नसत. आजी विचारायची, मग ते ‘चालेल थोडा’ म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, आजोबांना भूक कमी आहे.

मराठीत याला एक नेमका शब्द आहे: मिंधेपणा. शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली, पेन्शनही मिळाली, पण जेवणाच्या पानावरचा मिंधेपणा साठ वर्षांत गेला नाही.

आणि हे झालं ब्राह्मणाच्या मुलाचं. मराठ्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला वार मागायलाही दार नव्हतं. त्याच्या गावात शाळा चौथीपर्यंत, तीही असली तर. पुढे शिकायचं तर तालुक्याला जायचं, आणि तालुक्याला गेलं तर राहायचं कुठे नि खायचं काय? बहुजन समाज शिकला नाही याची कारणं शोधताना आपण मोठमोठ्या गोष्टी बोलतो. त्या बरोबरच आहेत. पण रोजच्या दोन भाकऱ्या हे त्यातलं फार मोठं कारण होतं.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान... एकेका समाजाचं एकेक बोर्डिंग. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. समाजाचं म्हणून काढलं तर समाजातले पैसेवाले पैसे देतात, हा त्यातला व्यवहार होता, आणि त्या काळात तो चालला. नाहीतर इतकी बोर्डिंगं उभीच राहिली नसती.

त्यातल्याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक मुलगा शिकत होता. भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म २२ सप्टेंबर १८८७. वडील महसूल खात्यात कारकून. अभ्यासात फार चमक नाही, अंगानं मात्र दणकट. चरित्रकार सांगतात की हा मुलगा मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर त्याला आंघोळ करून मगच आत यायला सांगितलं गेलं. त्यानं आंघोळ करायला नकार दिला. प्रकरण वाढलं आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे ज्यानं महाराष्ट्रभर वसतिगृहं उभी केली, त्याची सुरुवात ही अशी एका वसतिगृहाबाहेर काढलं जाण्यातून झाली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डोक्यावरचं छप्पर कुणा दुसऱ्याच्या मर्जीवर असलं की आपल्या मनासारखं वागण्याची किंमत काय पडते, हे त्यांनी विद्यार्थी असतानाच मोजून दिलं होतं.

मॅट्रिक काही झालं नाही. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, तिथे लोक ‘पाटील मास्तर’ म्हणायचे. मग ओगल्यांच्या काचकारखान्याचं आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचं विक्रेतेपण. लोखंडी नांगर विकणं म्हणजे गावोगाव हिंडणं, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसणं, त्याला पटवणं. फिरता विक्रेता जेवढी गावं आणि जेवढी माणसं बघतो तेवढी कलेक्टरही बघत नाही. पुढे संस्थेसाठी जे गावोगाव फिरले त्याची तालीम इथेच झाली असावी असं मला वाटतं.

१९१० च्या सुमारास दुधगावला त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी एक विद्यार्थी आश्रम काढला. खर्च चालायचा तो ‘मुष्टिफंडा’वर, म्हणजे घरोघरच्या बायकांनी रोज दळणाच्या वेळी बाजूला काढून ठेवलेल्या मूठभर धान्यावर. वरवर बघता ही माधुकरीच की, असं कुणी म्हणेल. फरक बारीक आहे पण मोठा आहे. मुलगा दारात उभा राहत नाही. कुणाच्या घरचं धान्य आज आपल्या ताटात आहे हे त्याला माहीत नसतं, आणि आपली मूठ कुणाच्या पोटात गेली हे त्या बाईला माहीत नसतं. उपकार आहे, पण त्याला चेहरा नाही.

मग ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथे वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींच्या मुलांचं एकच. एकत्र राहायचं, एकाच चुलीवर मुलांनीच रांधायचं, एका पंगतीत जेवायचं. शाहू महाराजांनी जे जातवार केलं होतं ते त्यांच्याच या शिष्यानं एका छपराखाली आणलं. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. महाराज जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इथे मुलगा राहणार, खाणार, शिकणार, आणि पैसे नाहीत. मग? मग त्यानं काम करायचं. शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. दोन्ही याच तत्त्वावर: मोफत, निवासी आणि कष्टावर. ‘कमवा आणि शिका’ हे नाव आपल्या इतकं सवयीचं झालंय की त्यातला विचार दिसेनासा झालाय.

तो विचार नीट दिसावा म्हणून दोन दुसरी उदाहरणं शेजारी ठेवून बघू.

भाऊरावांना पुष्कळ जण ‘महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन’ म्हणतात. वॉशिंग्टन गुलामीत जन्मलेला, आणि त्यानं १८८१ मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगीला कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा सुरू केली. तिथे मुलांनी स्वतः विटा पाडून इमारती बांधल्या. विटांच्या तीन भट्ट्या एकामागोमाग एक फसल्या. चौथीला पैसे नव्हते म्हणून वॉशिंग्टननं स्वतःचं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकलं, आणि ती भट्टी साधली. हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मुलांना पुस्तकं शिकायला पाठवलंय, काम करायला नाही, अशा पालकांच्या तक्रारीही तिथे आल्या होत्या. साताऱ्यातल्या पालकांना ओळखीचं वाटावं असंच सगळं. पण टस्कीगीत विटा पाडणं, सुतारकाम, शेती हाच शिक्षणाचा गाभा होता. मुलानं कसबी कारागीर म्हणून बाहेर पडावं ही अपेक्षा. यावरच १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी टीका केली की हातांचं शिक्षण देता देता तुम्ही या मुलांसाठी उच्च शिक्षणाची दारं लावून घेताय.

दुसरं उदाहरण घरचं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम केला. तिथे चरखा, सूत, हस्तव्यवसाय हेच शिकवण्याचं माध्यम. गणितही त्यातून, भूगोलही त्यातून, आणि तयार मालाच्या विक्रीतून शाळेचा, निदान शिक्षकाचा, खर्च निघावा असा आग्रह. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी वर्ध्यातच त्यावर हरकत घेतली होती. शाळेतला माल बाजारात आला की गावातल्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, ही त्यातली एक भीती.

भाऊराव गांधीजींना मानणारे, खादी वापरणारे. पण साताऱ्यातलं काम यापेक्षा निराळं होतं. तिथे नांगर धरणं हा अभ्यासक्रम नव्हता. ती फी होती! मुलगा सकाळी शेतात राबत होता तो उत्तम शेतकरी व्हावा म्हणून नव्हे (ते तर तो घरी राहूनही झाला असता), तर नंतर वर्गात बसून इतर कुणाही मुलासारखंच इंग्रजी, गणित, संस्कृत शिकावं म्हणून. काम वर्गाच्या दारापर्यंत. आत गेलं की तो फक्त विद्यार्थी. या वसतिगृहातून पुढे आलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ड्यू बॉइसच्या आक्षेपाला साताऱ्यानं दिलेलं उत्तर म्हणून हे एक उदाहरण पुरेसं आहे, जरी त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. काही वर्षांपूर्वी गेले. पन्नासच्या दशकात ते साताऱ्याला कमवा-शिकातून कॉलेज करून बाहेर पडलेले. घरी बापाची कोरडवाहू जमीन, तीही भावकीत अडकलेली. गप्पांची आवड होती त्यांना. संध्याकाळी कट्ट्यावर बसलो की विषय फिरून साताऱ्यावर यायचा. भाऊरावांचा उल्लेख कायम ‘अण्णा’. भाकरी करायला तिथेच शिकले. ‘पहिले पंधरा दिवस माझी पाळी आली की पोरं उपाशी झोपायला तयार असायची,’ म्हणायचे. थंडीत पहाटे बारे द्यायला जायचं, पाय बधिर व्हायचे, आणि मग तसंच येऊन तर्कशास्त्राच्या तासाला बसायचं. झोप यायची का? ‘यायची की! पण तास बुडवायची छाती नव्हती. स्वतःच्या घामाचा तास होता तो.’

मी एकदा सरांना विचारलं होतं की संस्थेनं तुम्हाला शिकवलं याबद्दल काय वाटतं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘संस्थेनं शिकू दिलं. शिकलो मी.’ त्यात कृतघ्नपणाचा लवलेश नव्हता. अण्णांचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा, आणि निवृत्तीनंतर दरवर्षी संस्थेला ते जमेल ती रक्कम पाठवत. पण मला त्याच वेळी आजोबांची आठवण झाली. दोघंही गरिबीतून शिकलेले, दोघंही कष्टाळू. एकाला साठ वर्षांनंतरही दुसऱ्यांदा भाजी मागता येत नव्हती, आणि दुसरा ‘शिकलो मी’ असं सरळ नजरेला नजर देऊन म्हणू शकत होता. सगळा फरक काही एका पद्धतीमुळे पडला असं मी म्हणत नाही. माणसांचे स्वभावही असतात. पण पद्धतीचा वाटा नव्हता असंही म्हणवत नाही.

इथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक वेळा राहून जाते. स्वावलंबन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा मुलगा येतो, घाम पुसणारा. साताऱ्यात तो एकटा कधीच नव्हता. मुलानं दिलेल्या श्रमाचं मोल धरलं तरी त्यातून सगळा हिशेब जुळत नव्हता, जुळणारच नव्हता. चौदा वर्षांच्या पोराच्या कष्टात राहणं, खाणं, वह्या-पुस्तकं आणि मास्तरांचा पगार कुठून बसणार? बाकीचा भार कुणीतरी उचलत होतं. कोण? मुठीनं धान्य देणाऱ्या बायका, जमिनी देणारे लोक, तुटपुंज्या पगारावर राबणारे शिक्षक. आणि सगळ्यात आधी लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. सोवळ्याओवळ्याच्या जैन घरात वाढलेली ही बाई. तिनं सगळ्या जातींची ही मुलं आपली म्हणून सांभाळली. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये ती गेली. पुढे बहरलेलं यातलं काहीही तिला बघायला मिळालं नाही, ना हायस्कूल ना कॉलेज. मुलांच्या श्रमाची नोंद झाली, त्याला ‘कमवा आणि शिका’ असं सुंदर नावही मिळालं. लक्ष्मीबाईंच्या श्रमाला मात्र आपण त्याग म्हणतो. हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नाही. (हे फक्त साताऱ्याबद्दल नाही हो. आपल्याकडच्या बहुतेक थोर संस्थांच्या पायात असं एखादं मंगळसूत्र आहे.)

नंतर त्यांच्या नावानं शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. मुलाला पुढे शिकायचं तर तिथून कर्ज घ्यायचं आणि कमावता झाला की फेडायचं. देणगी नाही, कर्ज. हेही त्याच विचारातलं. फेडलं की मोकळा. आजोबांची अडचण हीच होती की शनिवारच्या घरचं देणं फेडायची सोयच नव्हती.

आणि शिक्षक. १९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्याला शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. मग ‘व्हॉलंटरी शाळा’, म्हणजे जिथे सरकारी शाळा नाही अशा खेड्यांत, डोंगरकपारीत लोकांच्या मदतीनं काढलेल्या प्राथमिक शाळा. बोर्डिंगातला मुलगा शिकायचा, मास्तर व्हायचा, आणि आणखी आतल्या गावात जाऊन शाळा उघडायचा. बोधचिन्हावर वडच का, हे इथे कळतं. पारंबी आधी झाडाच्या आधारानंच लोंबते, मग जमिनीत रुजते, आणि पुढे तीच फांदीला खालून टेकू देते.

आता अडचणीचा प्रश्न. सावकाराच्या मुलानं नुसतं शिकायचं आणि कुळवाड्याच्या मुलानं राबून शिकायचं, हा कुठला न्याय? आजच्या कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून शाळेच्या बदल्यात काम घेणं बसणारच नाही, आणि बसूही नये. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. भाऊराव असते तर त्यांनी त्याचं स्वागतच केलं असतं, कारण त्यांनी काढलेल्या प्राथमिक शाळांत मुलं राबून शिकत नव्हती. ‘कमवा आणि शिका’चा खरा भर वरच्या शिक्षणावर होता, जिथे सरकारचा हात पोचत नव्हता. त्यामुळे कुणी भाऊरावांचं नाव घेऊन ‘गरिबांच्या पोरांनी कष्ट करून शिकावं, सवलती कशाला’ असं म्हणू लागलं (आणि तसं म्हणणारे मला लग्नाकार्यात हमखास भेटतात), तर तो त्या नावाचा गैरवापर आहे. त्या माणसानं गरीब मुलाला ‘तुझं तू बघ’ कधीच म्हटलं नाही. आधी निवारा दिला, चूल दिली, वर्ग दिला, मग कुदळ दिली.

थकव्याचाही प्रश्न खरा होता. सर प्रांजळपणे सांगायचे की काही मुलं अर्ध्यात सोडून गेली. शेतातल्या कष्टाला घाबरून नाही, तो घरीही होता. दोन्ही एकदम जमेना म्हणून. अशा मुलांची गोष्ट गौरवग्रंथांत येत नाही. यायला हवी होती.

संस्थेनं मुलांकडून जे मागितलं ते स्वतःबाबतीतही पाळलं का? एक प्रसंग आहे. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी जाहीर भाषणांतून सरकारवर कडक टीका केली. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. १९४८ मध्ये सरकारनं रयतचं अनुदान बंद केलं. तोवर संस्था इतकी वाढली होती की अनुदान बंद होणं म्हणजे शेकडो शिक्षकांच्या घरची चूल बंद होणं. आता इथे स्वावलंबनाच्या ब्रीदाची दुसरी बाजू दिसते. मुलगा स्वतःच्या कष्टावर शिकत होता, पण त्याला शिकवणारी संस्था काही प्रमाणात सरकारच्या पैशांवर उभी होती. म्हणजे जैन बोर्डिंगातल्या त्या मुलाची परीक्षा साठीच्या माणसाला पुन्हा द्यावी लागली: छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर, आणि तोंडात न पटणारी गोष्ट. भाऊराव मागे हटले नाहीत. लोक मदतीला आले, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, गाडगेबाबांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. याच काळात गांधीजींच्या नावानं १०१ शाळा काढायचा त्यांनी संकल्प केला होता! अनुदान बंद आणि संकल्प एकशे एक शाळांचा... या माणसाचा हिशेब आपल्यासारख्यांना कळणं कठीण आहे.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. समाधी साताऱ्याला आहे.

‘कमवा आणि शिका’ अजून आहे. पुणे विद्यापीठाची या नावाची योजना आहे, तिला कर्मवीरांचंच नाव दिलेलं आहे, आणि खेड्यांतून आलेली कितीतरी मुलंमुली दिवसाचे काही तास काम करून त्या मानधनावर पुण्यासारख्या महागड्या शहरात तग धरतात. १९२४ च्या त्या चित्रात मुली जवळजवळ नव्हत्याच, आता आहेत. माझ्या ओळखीतली मराठवाड्यातली एक मुलगी अशाच एका योजनेवर एम. ए. झाली. तिला ग्रंथालयात काम होतं. पुस्तकांवरची धूळ झटकायची, क्रमांक चिकटवायचे, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. मानधन बेताचंच, तेही कधीकधी उशिरा. मी विचारलं, एवढ्यात भागतं का? ‘नाही भागत काका, घरून थोडे मागवावेच लागतात,’ ती म्हणाली. ‘पण मेसचे पैसे मी भरते.’